विल्यम एडवर्ड्स लॅड

विल्यम एडवर्ड्स लॅड (८ सप्टेंबर, १८८० : मिल्टन, मॅसेच्युसेट्स, अमेरिका – १५ एप्रिल, १९६७) हे अमेरिकन शल्यचिकित्सक होते. बालशस्त्रक्रिया ही वैद्यकशास्त्राची स्वतंत्र शाखा म्हणून उभी करणाऱ्यांत त्यांचे स्थान अग्रगण्य आहे. अमेरिकेत त्यांना या शाखेचे जनक मानले जाते. बोस्टन येथील बालरुग्णालयाचे ते १९२७ ते १९४५ या काळात प्रमुख शल्यचिकित्सक होते. लहान मुलांच्या पोटातील जन्मजात व्यंगे, आतड्याचा पीळ, मूत्रपिंडाची अर्बुदे आणि पोटात वाढणाऱ्या द्रवयुक्त गाठी यांवरील शस्त्रक्रिया त्यांनी पद्धतशीर केल्या. आतड्याच्या जन्मजात सदोष वळणावरील शस्त्रक्रिया आजही जगभर 'लॅड शस्त्रक्रिया' या नावाने ओळखली जाते.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुलांवर शस्त्रक्रिया करणारा निराळा वैद्य नव्हता. मोठ्या माणसांवर शस्त्रक्रिया करणारे शल्यचिकित्सकच प्रसंगी मुलांवरही करीत. हत्यारे, टाके, भूल देण्याची रीत आणि नंतरची शुश्रूषा ही सर्व मोठ्यांच्या मापाची असे. मूल म्हणजे आकाराने लहान असलेला प्रौढ, अशी सर्वसाधारण समजूत होती. प्रत्यक्षात तान्ह्या मुलाचे शरीर लवकर थंड पडते. त्याच्या अंगात रक्त इतके थोडे असते, की मोठ्या माणसाला न जाणवणारा रक्तस्रावही त्याच्या जिवावर बेततो. उलट्या सुरू झाल्या की काही तासांतच त्याच्या शरीरातील पाणी घटते. शिवाय त्याला होणारे पुष्कळ विकार मोठ्यांमध्ये आढळतच नाहीत. त्यामुळे जन्मजात व्यंग असलेली अनेक अर्भके शस्त्रक्रियेविना, काही शस्त्रक्रियेला विलंब झाल्याने, तर काही शस्त्रक्रियेनंतरच्या अपुऱ्या काळजीमुळे दगावत. लॅड यांचे कार्य या परिस्थितीच्या पार्श्वभूमीवर पाहावे लागते.

शिक्षण व प्रारंभीची कारकीर्द

लॅड यांनी हार्वर्ड महाविद्यालयातून १९०२ मध्ये पदवी संपादन केली. विद्यार्थिदशेत ते नौकानयनपटू म्हणून ओळखले जात. पुढे हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयातून १९०६ मध्ये ते वैद्यकीय पदवीधर झाले. शस्त्रक्रियेचे शिक्षण पुरे केल्यावर त्यांनी बोस्टनमध्ये सर्वसाधारण शस्त्रक्रिया व स्त्रीरोग या क्षेत्रांत व्यवसाय सुरू केला. १९१० च्या सुमारास बोस्टनच्या बालरुग्णालयाशी त्यांचा संबंध आला. हे रुग्णालय १८६९ मध्ये स्थापन झाले होते. १९१४ मध्ये ते हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयाच्या शेजारी नव्या जागेत गेले आणि उपचार, अध्यापन व संशोधन यांची तेथे सांगड घातली गेली.

आतड्याचा एक भाग दुसऱ्या भागात शिरून मार्ग बंद होणे हा तान्ह्या मुलांमधील एक प्राणघातक विकार आहे. त्याच्या निदानासंबंधी लॅड यांनी १९१३ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. गुदमार्गे बिस्मथचे मिश्रण सोडून क्ष-किरण चित्र घेतल्यास अडथळ्याची जागा दिसू शकते, असे त्यांनी त्यात दाखविले. निदान लवकर झाले तर मूल वाचण्याचा संभव वाढतो, हा विचार त्यांच्या पुढील सर्व कामात दिसून येतो.

हॅलिफॅक्सची दुर्घटना

६ डिसेंबर, १९१७ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात 'माँ-ब्लां' हे स्फोटकांनी भरलेले फ्रेंच जहाज 'इमो' या नॉर्वेजियन जहाजावर आदळले आणि त्यास आग लागून भीषण स्फोट झाला. सुमारे दोन हजार माणसे मृत्युमुखी पडली व सुमारे नऊ हजार जखमी झाली. जळते जहाज पाहण्यासाठी कित्येक मुले खिडक्यांशी उभी होती. फुटलेल्या काचांनी त्यांना गंभीर इजा झाल्या. मॅसेच्युसेट्स राज्याने ताबडतोब वैद्यकीय मदत धाडली. रेड क्रॉसच्या एका पथकाचे नेतृत्व लॅड यांच्याकडे होते. या पथकाने तेथील सेंट मेरीज महाविद्यालयाच्या इमारतीत तात्पुरते रुग्णालय चालविले.

हॅलिफॅक्समधील जखमी मुले पाहून लॅड यांनी आपले आयुष्य बालशस्त्रक्रियेस वाहण्याचे ठरविले, अशी कथा वैद्यकीय वर्तुळात पुष्कळ प्रचलित आहे. तथापि, मुलांच्या विकारांवरील त्यांचे लेखन या दुर्घटनेच्या आधीपासून सुरू होते आणि मोठ्यांवर शस्त्रक्रिया करणे त्यांनी त्यानंतरही काही वर्षे चालू ठेवले होते. त्यामुळे त्यांची दिशा एका प्रसंगाने ठरली असे म्हणण्यापेक्षा, आधीच लागलेली ओढ या अनुभवाने दृढ झाली असे म्हणणे अधिक योग्य ठरते. नोव्हा स्कॉशिया प्रांत या मदतीबद्दलच्या कृतज्ञतेपोटी आजही दरवर्षी बोस्टन शहराला नाताळचे झाड पाठवितो.

बोस्टन बालरुग्णालयाचे प्रमुखपद

१९२७ मध्ये लॅड बालरुग्णालयाचे प्रमुख शल्यचिकित्सक झाले. याच सुमारास त्यांनी प्रौढांवरील शस्त्रक्रियांचा व्यवसाय सोडला व केवळ मुलांसाठी काम करण्याचे ठरविले. त्या काळी हा निर्णय धाडसाचा होता. बालशस्त्रक्रियेवर स्वतंत्रपणे चरितार्थ चालविता येईल असे मानणारे फारसे कोणी नव्हते आणि ही शाखा स्वतंत्र असावी हेच बहुतेक ज्येष्ठ शल्यचिकित्सकांना मान्य नव्हते.

ऊती हळुवार हाताळाव्यात, रक्तस्राव अगदी कमी होऊ द्यावा, टाक्यांसाठी बारीक धागा वापरावा, मुलाचे अंग उबदार ठेवावे आणि शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर शरीरातील पाणी व क्षार यांची उणीव भरून काढावी, या गोष्टींवर त्यांचा भर होता. प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवून वर्षानुवर्षांच्या नोंदी एकत्र अभ्यासण्याची शिस्त त्यांनी विभागाला लावली. एखादा दुर्मीळ विकार एका वैद्याच्या आयुष्यात चार-दोनदाच दिसतो. मात्र एकाच रुग्णालयातील अनेक वर्षांच्या नोंदी जुळविल्यास त्यातून नियम हाती लागतात. लॅड यांचे बहुतेक महत्त्वाचे निबंध या रीतीने तयार झाले. भुलीच्या क्षेत्रात त्यांच्या विभागाला बेटी लँक या परिचारिकेची मोलाची साथ लाभली. मुलांना सुरक्षितपणे भूल देण्याच्या पद्धती लँक यांनी तेथे रुजविल्या.

शस्त्रक्रियेतील कार्य

आतड्याचे सदोष वळण : गर्भावस्थेत आतडे काही काळ पोटाबाहेर, नाळेच्या मुळाशी वाढते आणि नंतर ठरावीक रीतीने वळून पोटात परत बसते. हे वळण अपुरे राहिल्यास आतडे पोटाच्या मागील भिंतीला रुंद पायाने चिकटत नाही आणि ते एका अरुंद देठावर लोंबते. अशा आतड्याला पीळ बसला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो व थोड्याच वेळात ते मरते. हिरवट पित्ताच्या उलट्या हे त्याचे मुख्य लक्षण होय. आधीच्या शल्यचिकित्सकांचे लक्ष पीळ सोडविण्यावर असे व काही जण मोठ्या आतड्याचा प्रारंभीचा भाग उजवीकडे नेहमीच्या जागी शिवून टाकीत. मात्र त्या भागापासून निघणारे पडद्यासारखे बंध लहान आतड्याच्या पहिल्या भागावर, म्हणजे ग्रहणीवर, दाब देत राहतात, हे लॅड यांच्या लक्षात आले. पीळ उलट दिशेने सोडवावा, हे बंध कापावेत, ग्रहणी मोकळी करावी आणि मोठे आतडे उजवीकडे ओढून न बसविता पोटाच्या डाव्या बाजूस ठेवावे, असे त्यांनी सुचविले. आतडे नैसर्गिक जागी नेण्याचा आग्रह सोडून सुरक्षित जागी ठेवावे, हा या शस्त्रक्रियेतील मुख्य विचार आहे. १९३२ व १९३६ मधील निबंधांतून तिची मांडणी झाली. ग्रहणीवर दाब देणाऱ्या बंधांना आज 'लॅड बंध' असे म्हणतात.

मूत्रपिंडाचे अर्बुद : मुलांमध्ये आढळणारे विल्म्स अर्बुद काढताना लॅड पोटाच्या पुढील बाजूने छेद घेत आणि गाठ फारशी हलविण्यापूर्वीच मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या बांधून टाकीत. गाठ हाताळताना तिच्यातील पेशी रक्तात जाऊ नयेत, हा त्यामागील हेतू होता. या पद्धतीने मुले वाचण्याचे प्रमाण पूर्वीपेक्षा सुधारले.

अन्ननलिकेचे जन्मजात व्यंग : अन्ननलिका मध्येच बंद असलेली अर्भके त्या काळी जगत नसत. लॅड यांचे सहकारी टॉमस लॅनमन यांनी १९४० मध्ये आपल्या अशा रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यातील एकही मूल वाचले नव्हते. अपयश न लपविता त्याची कारणे मांडण्याचे हे उदाहरण वैद्यकीय इतिहासात आदराने सांगितले जाते. १९३९ मध्ये लॅड यांनी बोस्टनमध्ये आणि लोगन लेव्हन यांनी मिनेसोटात, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, टप्प्याटप्प्याने शस्त्रक्रिया करून असे एकेक मूल वाचविले. पुढे १९४१ मध्ये कॅमेरॉन हेट यांनी अन्ननलिकेची दोन्ही टोके एकाच शस्त्रक्रियेत जोडण्यात यश मिळविले.

इतर विकार : पित्तनलिकांच्या जन्मजात अवरोधावरील १९२८ मधील निबंधात, या विकाराची काही मुले शस्त्रक्रियेने बरी होऊ शकतात हे लॅड यांनी दाखविले. गुदद्वाराच्या जन्मजात व्यंगांच्या १६२ रुग्णांचा आढावा त्यांनी रॉबर्ट ग्रॉस यांच्यासह १९३४ मध्ये प्रसिद्ध केला. दुभंगलेले ओठ व टाळू यांवरील शस्त्रक्रियांतही त्यांनी दीर्घकाळ काम केले.

पोटातील द्रवयुक्त गाठी

मुलांच्या पोटात आढळणाऱ्या पातळ भिंतीच्या, द्रवाने भरलेल्या गाठींना पुटी म्हणतात. त्यांपैकी लसिका-पुटी या लसिकावाहिन्यांच्या जन्मजात दोषातून निर्माण होतात. लसिका म्हणजे ऊतींमधील जादा द्रव वाहून नेणारा पातळ रस होय. काही लसिकावाहिन्या मुख्य प्रवाहाशी जोडल्या जात नाहीत, त्यांत द्रव साठत जातो आणि त्यांची पिशवी फुगते, अशी उपपत्ती ग्रॉस यांनी मांडली व ती दीर्घकाळ स्वीकारली गेली. या गाठी बहुधा आतड्याला पोटाच्या मागील भिंतीशी जोडणाऱ्या पडद्यात, म्हणजे आंत्रबंधात आढळतात. पोटातील अवयवांवर पुढून पसरलेल्या चरबीयुक्त पडद्यातही, म्हणजे वपाजालातही, त्या होतात.

हा विकार दुर्मीळ असला तरी त्याची माहिती जुनी आहे. फ्लॉरेन्सचे शरीरशास्त्रज्ञ बेनिव्हिएनी यांच्या १५०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदींत एका आठ वर्षांच्या मुलाच्या शवविच्छेदनात दिसलेल्या अशा गाठीचा उल्लेख येतो. आंत्रबंधातील गाठ यशस्वीरीत्या काढण्याचा पहिला मान फ्रेंच शल्यचिकित्सक तियो यांना दिला जातो. ही शस्त्रक्रिया लॅड यांच्या जन्मवर्षी, म्हणजे १८८० मध्ये झाली.

अशा गाठीमुळे मुलाचे पोट हळूहळू वाढते. कधी नुसते मोठे दिसणारे पोट हे एकच चिन्ह असते. कधी मात्र गाठीच्या वजनाने आतड्याला पीळ बसतो, गाठीत रक्तस्राव होतो किंवा तिच्यात पू होतो आणि मूल तीव्र पोटदुखी व उलट्या घेऊन रुग्णालयात येते. आंत्रपुच्छदाह समजून पोट उघडावे आणि आत अशी गाठ मिळावी, असेही घडते. वपाजालातील मोठी गाठ सगळे पोट व्यापते तेव्हा ती जलोदरासारखी भासते.

लॅड व ग्रॉस यांनी १९४० मध्ये आतड्याच्या जन्मजात दुहेरी भागांवर, म्हणजे आतड्याला लागून वाढणाऱ्या आतड्यासारख्याच पोकळ्यांवर, महत्त्वाचा निबंध लिहिला. बाहेरून पाहता ही पोकळी आणि आंत्रबंधातील लसिका-पुटी सारखीच दिसू शकते. परंतु दुहेरी आतड्याच्या भिंतीत स्नायू असतात, आत श्लेष्मल अस्तर असते आणि तिचा रक्तपुरवठा शेजारच्या आतड्याशी सामायिक असतो. त्यामुळे ती एकटी सोलून काढू गेल्यास चांगल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो व आतड्याचा तो तुकडाही काढावा लागतो. लसिका-पुटीची भिंत मात्र पातळ असून बऱ्याचदा ती आतड्याला धक्का न लावता वेगळी करता येते. ती आतड्याच्या रक्तवाहिन्यांत गुंतलेली असेल तरच आतड्याचा भाग कापून टोके जोडावी लागतात. वपाजालातील गाठ आतडे न कापता पडद्यासह काढता येते. गाठीतील द्रव केवळ सुईने ओढून घेतल्यास ती पुन्हा भरते. गाठ उघडून तिच्या कडा पोटाच्या भिंतीला शिवण्याच्या जुन्या पद्धतीत जखम दीर्घकाळ पाझरत राहण्याचा व जंतुसंसर्गाचा धोका असे. म्हणून शक्य तेथे गाठ पूर्णपणे काढणे हाच उपचार श्रेयस्कर ठरला. आज सोनोग्राफीमुळे निदान सुकर झाले आहे आणि दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रियाही होतात. तरीही मूळ तत्त्व तेच राहिले आहे.

ग्रंथलेखन

लॅड व ग्रॉस यांनी मिळून लिहिलेला, अर्भके व बालके यांच्या पोटावरील शस्त्रक्रियांविषयीचा ग्रंथ १९४१ मध्ये फिलाडेल्फिया येथे प्रसिद्ध झाला. बोस्टन बालरुग्णालयातील रुग्णांच्या नोंदींवर तो आधारलेला होता. प्रत्येक विकाराची गर्भविज्ञानातील कारणे, लक्षणे, शस्त्रक्रियेचे टप्पे आणि मिळालेले परिणाम त्यात क्रमाने दिले आहेत. बालशस्त्रक्रियेच्या एका पिढीने या ग्रंथावरून धडे घेतले. १९५३ मध्ये ग्रॉस यांनी एकट्याने अधिक विस्तृत ग्रंथ लिहिला.

ग्रॉस यांच्याशी मतभेद

रॉबर्ट ग्रॉस (१९०५–१९८८) हे लॅड यांचे सर्वांत बुद्धिमान शिष्य होते. हृदयाजवळील दोन मोठ्या रोहिण्यांना जोडणारी नलिका जन्मानंतर बंद न झाल्यास ती शस्त्रक्रियेने बांधता येईल, असे ग्रॉस यांना वाटत होते. लॅड यांचा याला विरोध होता. २६ ऑगस्ट, १९३८ रोजी लॅड बाहेरगावी असताना ग्रॉस यांनी सात वर्षांच्या एका मुलीवर ही शस्त्रक्रिया केली व ती यशस्वी झाली. जन्मजात हृदयदोषांवरील शस्त्रक्रियांच्या इतिहासात हा दिवस महत्त्वाचा मानला जातो. मात्र गुरुशिष्यांच्या संबंधांत यामुळे कायमचा दुरावा आला. पुढे दोघांनी एकत्र ग्रंथ लिहिला, तरी पूर्वीचा स्नेह परतला नाही. १९४५ मध्ये लॅड निवृत्त झाल्यावर प्रमुखपद लगेच ग्रॉस यांच्याकडे गेले नाही. दोन वर्षे मेंदूशल्यचिकित्सक फ्रँक इंग्रॅहम यांनी ही जबाबदारी सांभाळली आणि १९४७ मध्ये ग्रॉस प्रमुख झाले. विभागात शिस्त आणणारा हा नेता शिष्याच्या धाडसाला वाव देताना कमी पडला, असे या प्रकरणावरून म्हणता येते. दुसरीकडे, मूल दगावले असते तर नव्या शाखेवरचा विश्वास डळमळला असता, हेही ध्यानात घ्यावे लागते.

स्वतंत्र शाखेची मान्यता

लॅड यांच्या सन्मानार्थ हार्वर्डमध्ये १९४१ मध्ये त्यांच्या नावाचे बालशस्त्रक्रियेचे अध्यासन स्थापन झाले. बोस्टनमध्ये शिकलेल्यांनी ही शाखा इतरत्र नेली. ऑर्व्हर स्वेन्सन यांनी मोठ्या आतड्यातील चेतापेशींच्या जन्मजात अभावावरील शस्त्रक्रिया १९४८ मध्ये मांडली. एव्हरेट कूप बोस्टनमध्ये काही काळ शिकून फिलाडेल्फियाला परतले. पुढे ते अमेरिकेचे सर्जन जनरल झाले.

तरीही अधिकृत मान्यता सहज मिळाली नाही. सर्वसाधारण शस्त्रक्रियेची संस्थात्मक चौकट नव्या शाखेला स्वतंत्र प्रमाणपत्र देण्यास तयार नव्हती. शेवटी बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकन अकादमीने १९४८ मध्ये शस्त्रक्रिया विभाग सुरू करून बालशल्यचिकित्सकांना आश्रय दिला. या विभागाचा 'लॅड पदक' हा सर्वोच्च सन्मान मानला जातो. अमेरिकेत या विषयाची स्वतंत्र प्रमाणपत्र परीक्षा १९७५ मध्ये सुरू झाली. ती पाहण्यास लॅड हयात नव्हते.

निधन व वारसा

१५ एप्रिल, १९६७ रोजी वयाच्या ८६ व्या वर्षी लॅड यांचे निधन झाले. लंडनमध्ये डेनिस ब्राउन यांनीही मुलांच्याच शस्त्रक्रियेला वाहून घेऊन ब्रिटनमध्ये या शाखेचा पाया घातला होता. या दोन परंपरांतून बालशस्त्रक्रिया जगभर पसरली.

भारतात बालशल्यचिकित्सकांची अखिल भारतीय संघटना १९६५ मध्ये, म्हणजे लॅड यांच्या हयातीतच, स्थापन झाली. महाराष्ट्रात मुंबईतील परळ येथे केवळ मुलांसाठी असलेले बाई जेरबाई वाडिया रुग्णालय १९२९ पासून आहे. दीर्घकाळ अशा उपचारांसाठी गावाकडील पालकांना मोठ्या शहरांकडे धाव घ्यावी लागे. रत्नागिरी जिल्ह्यात सावर्ड्याजवळील डेरवण येथे वालावलकर रुग्णालय व त्याला जोडलेले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा संस्थांमुळे हे अंतर कमी होऊ लागले आहे. पित्ताच्या उलट्या करणारे अर्भक वेळेत शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोहोचणे ही आजही जीवनमरणाची बाब आहे. तेथे त्याच्यावर होणाऱ्या शस्त्रक्रियेचा मूळ आराखडा मात्र लॅड यांनी १९३६ मध्ये मांडलेलाच असतो.